उपचारांच्या सुट्टीतले दिवस रुग्णाच्या हाती द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दरवर्षी ४ फेब्रुवारीच्या जागतिक कर्करोग दिनाला आणि ७ नोव्हेंबरच्या राष्ट्रीय कर्करोग जागृती दिनाला आपल्या वृत्तपत्रात या रोगाविषयी चांगले लेख येतात. लवकर निदानाचे महत्त्व, तंबाखूचे दुष्परिणाम, नवी औषधे आणि रोगावर मात केलेल्यांच्या मुलाखती हे सारे मी पूर्वी एक वाचक म्हणून वाचत असे आणि गेल्या काही वर्षांपासून एक रुग्ण म्हणून वाचते आहे. या लेखांतला रुग्ण एक तर रुग्णालयात झुंजत असतो, नाही तर पूर्ण बरा होऊन घरी परतलेला असतो. या दोहोंच्या मध्ये आमच्यासारख्यांचा एक मोठा वर्ग आहे. आमचा रोग गेलेला नाही, पण तो आटोक्यात आहे, आणि डॉक्टरांनीच विचार करून आम्हाला काही काळ औषधांतून मोकळे केले आहे. हे दिवस कसे घालवावेत, घरच्यांनी आणि शेजारपाजारच्यांनी आमच्याशी कसे वागावे, याविषयी कोठे काही छापून आलेले माझ्या पाहण्यात नाही. म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

मी सातारा जिल्ह्यातली निवृत्त माध्यमिक शिक्षिका आहे आणि नोकरीची सगळी वर्षे मी गणित शिकवले. मला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला आणि निदान झाले तेव्हा तो यकृतापर्यंत पोचलेला होता. आतड्याची शस्त्रक्रिया झाली, मग केमोथेरपी सुरू झाली. दर तीन आठवड्यांनी शिरेतून ऑक्सॅलिप्लॅटिन, सोबत चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ कॅपेसिटाबीनच्या गोळ्या, मग सात दिवसांची उसंत आणि पुन्हा पहिल्यापासून, असा तो क्रम होता. पुढे ऑक्सॅलिप्लॅटिन थांबवून नुसत्या गोळ्या ठेवल्या. यकृतातल्या गाठी लहान झाल्या आणि लागोपाठच्या स्कॅनमध्ये तेवढ्याच राहिल्या, तेव्हा डॉक्टरांनी गोळ्याही बंद केल्या. ठरावीक अंतराने रक्ताची तपासणी आणि स्कॅन करत राहू, वाढ दिसली की औषध पुन्हा सुरू करू, असे त्यांनी सांगितले. आज मी या सुट्टीत आहे.

ही सुट्टी म्हणजे डॉक्टरांनी केलेली मेहेरबानी नव्हे की हलगर्जीपणाही नव्हे. शरीरभर पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगात केमो सलग द्यावी की मध्ये थांबून द्यावी, यावर गेली अनेक वर्षे अभ्यास होत आला आहे. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये झालेल्या ‘कॉइन’ नावाच्या चाचणीत या दोन पद्धतींची तुलना १,६३० रुग्णांवर झाली आणि तिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. सलग केमो घेणाऱ्यांच्या आयुष्याचा मध्यक १५.८ महिने आला, तर थांबून थांबून घेणाऱ्यांचा १४.४ महिने. दुसऱ्या गटाला औषधांचा त्रास मात्र कमी झाला आणि रुग्णालयाबाहेरचे त्यांचे दिवस वाढले. माझ्या डॉक्टरांनी हे आकडे मला टाळले नाहीत, आणि मी गणिताची शिक्षिका असल्यामुळे मध्यक म्हणजे काय हेही त्यांना समजावून सांगावे लागले नाही. निम्मे रुग्ण त्या आकड्याच्या पुढे जगलेले असतात, हे मला ठाऊक होते. तरीही ते अंक पहिल्यांदा ऐकले त्या रात्री मला झोप लागली नाही. थोडे अधिक आयुष्य मिळण्याची शक्यता एका बाजूला आणि जे आयुष्य मिळेल ते हातापायांत जीव असताना जगण्याची शक्यता दुसऱ्या बाजूला, असा तो हिशेब होता. माझा रोग तेव्हा शांत होता, औषधाने शरीर थकले होते, आणि मी सुट्टी स्वीकारली. दुसऱ्या एखाद्या रुग्णाने याच आकड्यांवरून सलग औषध चालू ठेवायचे ठरवले, तर तोही निर्णय तितकाच शहाणपणाचा आहे.

येथे एक गोष्ट ठासून सांगणे मला माझे कर्तव्य वाटते. हे पत्र वाचून कोणीही आपले औषध आपल्या मनाने थांबवू नये. शस्त्रक्रियेनंतर रोग परतू नये म्हणून मोजून दिलेली केमो, किंवा लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात दीर्घकाळ चालणारे औषध मध्येच सोडणे घातक ठरते, कारण तेथे रोग मुळापासून घालवण्याची संधी असते आणि ती संधी एकदाच मिळते. मी ज्या सुट्टीबद्दल लिहिते आहे ती डॉक्टरांनी, विशिष्ट रोगात, विशिष्ट टप्प्यावर, तपासण्यांची तारीख ठरवून दिलेली सुट्टी आहे.

आता या सुट्टीत काय मिळते ते सांगते, कारण ज्याने ऑक्सॅलिप्लॅटिन घेतलेले नाही त्याला साध्या पाण्याचे मोल कळणे कठीण आहे. या औषधानंतर थंड वस्तूचा स्पर्श सहन होत नाही. फ्रिजमधले पातेले धरले तर बोटांना विजेचा झटका बसल्यासारखे होते आणि थंड पाण्याचा घोट घेतला तर घसा आवळला जाऊन श्वासच अडकल्याचा भास होतो. आमच्याकडे थंडीच्या दिवसांत सकाळी नळाला हात लावणेही मला अशक्य झाले होते. घरात फ्रिजच्या दाराला हातमोजे अडकवून ठेवलेले असत आणि माझ्यासाठी कोमट पाण्याचा थर्मास वेगळा भरलेला असे. ऐन उन्हाळ्यात घरातली सगळी मंडळी माठाचे पाणी पीत असताना मी कोमट पाणी पीत होते. ते औषध थांबल्यावर काही आठवड्यांनी मी माठातले पाणी भांड्यात घेऊन घोटाघोटाने प्यायले, वाळ्याचा वास असलेले, आणि घसा आवळला नाही. त्या उन्हाळ्यात मी पाण्याइतके दुसरे काहीच मनापासून मागितले नाही.

चव परत यायला जास्त वेळ लागला. केमो चालू असताना तोंडात सतत धातूची चव राहते आणि अन्न गिळणे हे औषध घेण्यासारखेच एक कर्तव्य होऊन बसते. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या दिवसांत कच्चे काही खायचे नाही, बाहेरची चिरलेली फळे खायची नाहीत, असेही मला सांगितलेले होते. सुट्टीत पहिल्यांदा मेथीच्या भाजीचा कडवटपणा कळला. मग दाण्याचे कूट घालून केलेली काकडीची कोशिंबीर, तिखट-मीठ लावलेला पेरू, बाजरीच्या गरम भाकरीवरचे लोणी, असे एकेक पदार्थ ओळखीचे होत गेले. मिस्टर रोज विचारत, “आज कशाची चव लागली?” आणि मी त्यांना मनापासून उत्तर देत असे.

कॅपेसिटाबीनच्या गोळ्यांनी तळहात आणि तळपाय लाल होतात, कातडी निघते, भेगा पडतात. हे मला आधी सांगितले होते. बोटांवरचे ठसे पुसट होतात, हे मात्र मला एका बँकेत गेल्यावर कळले. आधारच्या पडताळणीसाठी यंत्रावर अंगठा ठेवला तर ते काही केल्या मान्य करीना. तेथील कर्मचाऱ्याने काच पुसली, माझा अंगठा पुसला, दुसरी बोटे लावून पाहिली, आणि मागच्या रांगेतली माणसे अस्वस्थ होऊ लागली. “बाई, तुमचे ठसे येत नाहीत, दुसऱ्या दिवशी या,” असे मला सांगण्यात आले. या औषधाचा हा परिणाम जगभरच्या डॉक्टरांनी नोंदवलेला आहे आणि आधारच्या व्यवस्थेत डोळ्याच्या बुबुळाने किंवा चेहऱ्याने ओळख पटवण्याची सोयही आहे. तरीही काउंटरवरच्या माणसाला ते ठाऊक नसते आणि रुग्णाला तेथे वाद घालण्याचे त्राण नसते. गोळ्या थांबल्यावर कातडी हळूहळू भरून आली. एके दिवशी उन्हात वर्तमानपत्र वाचताना अंगठ्यावर पुन्हा उमटलेल्या बारीक रेषा मला दिसल्या आणि मी चष्मा नीट बसवून त्या बराच वेळ पाहत राहिले. पुढे बँकेत यंत्राने पहिल्याच खेपेला ठसा घेतला, तेव्हा झालेला आनंद मी त्या कर्मचाऱ्याला बोलून दाखवला नाही, पण तो फार मोठा होता.

सारेच परत येते असे नाही, आणि हेही लिहिले पाहिजे. ऑक्सॅलिप्लॅटिनने बोटांच्या टोकांना आणि तळव्यांना आलेला बधिरपणा औषध थांबल्यावर काही महिने वाढत जाऊ शकतो, मग सावकाश कमी होतो, आणि काहींच्या बाबतीत थोडा कायमही राहतो. माझा अजून आहे. ब्लाउजची हुकं मला बोटांनी कळत नाहीत, ती आरशात पाहून लावावी लागतात. दारात रांगोळी काढताना चिमटीत किती रांगोळी आहे याचा अंदाज येत नाही, त्यामुळे रेघ कोठे जाड तर कोठे तुटक होते. तरीही मी रोज रांगोळी काढते. ठिपक्यांची संख्या चुकत नाही, वळण चुकत नाही, आणि रेघेवर नजर ठेवून हात चालवण्याची मला आता सवय झाली आहे.

या सर्वांपेक्षा मोठी गोष्ट घरातली कामे परत हाती येणे ही आहे, आणि माझ्या पत्राचा मुख्य मुद्दा हाच आहे. केमोच्या काळात माझ्या मिस्टरांनी, सुनेने आणि शेजारच्या बायकांनी मला काही करू दिले नाही. तेव्हा ते आवश्यक होते आणि त्यांचे उपकार मी कधी विसरणार नाही. परंतु सुट्टी सुरू झाली तरी तीच पद्धत चालू राहिली. बाजाराची पिशवी मिस्टरांकडे, दूध-पेपरच्या हिशेबाची वही सुनेकडे, कोणाकडे लग्नाचे आमंत्रण असेल तर “तुम्ही नका येऊ, दगदग होईल” हे आधीच ठरलेले. माझ्यावर प्रेम करणारी इतकी माणसे भोवती असताना मी आयुष्यात पहिल्यांदाच घरात निरुपयोगी झाले होते. आजारपणात माणसाचे वजन जाते, केस जातात, पण त्याचे कर्तेपण घरच्यांच्या मायेमुळे जाते, आणि ते परत मागण्याचा त्याला संकोच वाटतो, कारण मागितले तर कृतघ्नपणा दिसेल अशी भीती असते.

मी हिशेबाची वही मागून घेतली. त्यानंतर आठवडी बाजाराला जाऊ लागले, आरंभी मिस्टरांबरोबर आणि मग एकटी. कोथिंबिरीच्या जुडीचा भाव करणे, ओळखीच्या भाजीवालीने “बाई, किती दिवसांनी!” म्हणून दोन मिरच्या जास्त टाकणे, पिशवीच्या बंदाने तळहातावर उमटलेला वळ घरी येऊन पाहणे, हे सारे मी पूर्वी कंटाळून करत असे. शेजारची दहावीतली मुलगी भूमितीचे प्रमेय घेऊन दारात घुटमळत होती, कारण काकूंना त्रास द्यायचा नाही अशी तिला घरून ताकीद होती. मी तिला आत बोलावले. दोन वर्तुळांना बाहेरून काढलेल्या सामाईक स्पर्शिकेचे ते उदाहरण होते. तिला ते समजले त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जे दिसले त्यासाठीच मी आयुष्यभर खडू हातात धरला होता. आता ती मैत्रिणीलाही घेऊन येते. त्या दोघी असताना मी रुग्ण नसते.

आमच्या चिरंजीवांनी मोठ्या प्रेमाने मला दूरच्या प्रवासाला नेण्याचा बेत केला होता. “आई, तुला काय काय पाहायचे राहिले आहे ते सांग,” असे तो म्हणाला. त्याच्या मनात काय होते ते मला कळत होते, आणि ज्यांना प्रवासाची हौस आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून अवश्य जावे. मला स्वतःला राहिलेले असे काही पाहायचे नव्हते. जे रोज पाहत होते तेच मला पुन्हा हवे होते. म्हणून मी त्याला सांगितले की चार दिवस रजा काढ आणि इथेच राहा, आपण माळ्यावरची जुनी भांडी उतरवून कल्हई लावून घेऊ. तो राहिला. दोघांनी मिळून माळा आवरला, आणि त्या चार दिवसांत आमच्या ज्या गप्पा झाल्या त्या गेल्या कित्येक वर्षांत झाल्या नव्हत्या.

बसून राहा, विश्रांती घे, हा सल्ला आपल्याकडे मायेने दिला जातो. मात्र डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल तर चालणे-फिरणे बहुतेक रुग्णांना हितकारकच ठरते. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत, शस्त्रक्रिया आणि केमो पूर्ण झालेल्या आतड्याच्या कर्करोगाच्या ८८९ रुग्णांपैकी ज्यांना नियमित व्यायामाचा मार्गदर्शित कार्यक्रम दिला होता, त्यांच्यात पाच वर्षांनंतर रोगमुक्त राहणाऱ्यांचे प्रमाण ८०.३ टक्के आढळले, तर ज्यांना केवळ आरोग्यविषयक माहिती दिली होती त्यांच्यात ते ७३.९ टक्के होते. ते रुग्ण माझ्या टप्प्याचे नव्हते, त्यामुळे हा आकडा मी स्वतःला लावत नाही. पण संध्याकाळी चालायला निघाले की “कशाला उगाच?” म्हणणाऱ्यांना मी तो जरूर सांगते.

आता समाजाविषयी. सुट्टी सुरू झाल्याचे कळले की लोक दोन प्रश्न विचारतात. “म्हणजे आता पूर्ण बऱ्या झालात ना?” हा पहिला. “डॉक्टरांनी हात टेकले का हो?” हा दुसरा, आणि तो बहुधा मला न विचारता घरच्यांना कोपऱ्यात घेऊन विचारला जातो. पहिल्याला नाही म्हणावे तर समोरच्याचा चेहरा पडतो आणि त्याची समजूत आपल्यालाच घालावी लागते. दुसऱ्याने तर घरातल्या माणसांचा धीर सुटतो. दोन्ही प्रश्न विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसते, हे मी जाणते. त्यांनी केवळ “आज काय करताय?” असे विचारावे, एवढीच माझी विनंती आहे. त्याचे उत्तर माझ्यापाशी नेहमी असते.

याच काळात उपायांचा पूर येतो. केमो चालू असेपर्यंत लोक थोडे बिचकून असतात. औषध थांबले की गव्हांकुराचा रस, गोमूत्र, दूरच्या कुठल्याशा गावचा काढा, साखर कायमची बंद, दूध कायमचे बंद, असे सल्ले दारात येऊन उभे राहतात, आणि नाही म्हटले की जगण्याची इच्छाच नाही का असे सुचवले जाते. ज्या यकृतात गाठी आहेत त्याच यकृताला अनोळखी काढे पचवावे लागतात. त्यातल्या काहींनी यकृताला इजा होते, आणि मग रिपोर्ट बिघडला तर तो रोगाने बिघडला की काढ्याने, हे डॉक्टरांनाही लवकर सांगता येत नाही. ज्या अन्नाची चव इतक्या काळाने परत आली आहे ते ताटातून काढून घेणे ही मला रुग्णावर केलेली निष्ठुरता वाटते. आपल्या वाचकांनी असा सल्ला देण्यापूर्वी याचा विचार करावा.

या दिवसांत भीती नसते असे मी म्हणणार नाही. स्कॅनची तारीख जवळ आली की पोटातले साधे दुखणेही वेगळे वाटू लागते. रक्तातल्या सीईएचा, म्हणजे या रोगावर लक्ष ठेवण्यासाठी मोजल्या जाणाऱ्या एका प्रथिनाचा, आकडा थोडा चढला तरी मी त्याचा आलेख मनात काढते, आणि दोन बिंदूंवरून कल ठरत नाही हे विद्यार्थ्यांना शिकवलेले वाक्य स्वतःला पुन्हा सांगते. मिस्टर त्या आठवड्यात जास्त बोलतात, मी कमी बोलते. रिपोर्ट आला, सर्व जैसे थे असल्याचे डॉक्टरांनी सांगितले, की आम्ही परतीच्या वाटेवर एकाच ठिकाणी थांबून मिसळ खातो. मिसळ मला अर्धीच झेपते.

मी निवृत्तिवेतनावर जगते, म्हणून मला हे सारे लिहिता येते, याची मला पूर्ण जाणीव आहे. केमोच्या डे-केअर कक्षात माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक शेतमजूर बाई असत. त्यांनाही काही काळ औषधातून सुट्टी मिळाली, आणि त्या दुसऱ्याच आठवड्यात खुरपणीला गेल्या, कारण इतके महिने बुडालेली मजुरी आणि वाढलेली उधारी समोर होती. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून त्यांच्या उपचारांचा खर्च झाला, ही फार मोलाची गोष्ट आहे. एस.टी.चे भाडे, सोबत येणाऱ्या नवऱ्याचा बुडालेला रोज, अंड्या-दुधाचा खर्च मात्र त्यांचा त्यांनाच सोसावा लागला. त्यांच्या सुट्टीत विसावा यावा असे आपल्याला वाटत असेल, तर उपचारांच्या काळात अशा कुटुंबांना दरमहा काही निर्वाह भत्ता देण्याचा विचार शासनाने करावा.

मुंबईचे चित्र याहून कठीण आहे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले तेव्हापासून देशाच्या कानाकोपऱ्यांतून रुग्ण तेथे येत आले आहेत. बिहारहून, बंगालहून आलेल्या माणसाला दोन केमोंच्या मधल्या तीन आठवड्यांत घरी जाऊन परत येणे परवडत नाही आणि झेपतही नाही. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी जागा मिळाली तर त्याचे नशीब, नाही तर रुग्णालयाभोवतालच्या फुटपाथवर दिवस काढावे लागतात. त्याचे मधले दिवस घरापासून दूर, चुलीपासून दूर, पुढच्या तारखेची वाट पाहण्यात जातात. कर्करोगाचे प्रमाणित उपचार देशभर घराजवळ मिळावेत या हेतूने २०१२ साली राष्ट्रीय कर्करोग ग्रिड हे कर्करोग रुग्णालयांचे जाळे स्थापन झाले. उपचार गावाजवळ आले की पैसा वाचतो, हे तर सर्वांना कळते. त्यासोबत दोन केमोंच्या मधले दिवस रुग्ण स्वतःच्या अंगणात काढू शकतो, आणि माझ्या मते या धोरणाचे हे तितकेच मोठे फळ आहे.

रुग्णालयांकडे माझी एक साधी मागणी आहे. केमो सुरू करताना आम्हाला छापील पत्रक मिळते. काय खावे, ताप १००.४ अंशांवर गेला तर लगेच यावे, कोणत्या क्रमांकावर फोन करावा, हे सारे त्यात असते. सुट्टी देताना मात्र बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत, पुढचा रुग्ण दारात उभा असताना, दोन वाक्ये सांगितली जातात. सुट्टीचेही पत्रक असावे. छातीत बसवलेले केमो-पोर्ट (शिरेत औषध सोडण्यासाठी कातडीखाली ठेवलेली लहान डबी) किती अंतराने धुवून घ्यायचे, राहून गेलेले दाताचे काम आता करता येईल का, कोणत्या लसी घेता येतील, उपवास करावा का, प्रवास कितपत करावा, बधिर पायांनी पडू नये म्हणून घरात काय बदल करावेत, आणि कोणती लक्षणे दिसली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता यावे, एवढे एका पानावर मावते. शक्य असेल तर त्यावर मोठ्या अक्षरांत लिहावे की रुग्णाला झेपतील ती घरची कामे त्याला करू द्यावीत. डॉक्टरांच्या सहीने आलेले हे वाक्य घरचे मानतील. रुग्णाने म्हटलेले मानत नाहीत.

पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांकडे पाठवण्याची पद्धतही याच वेळी सुरू व्हावी. आपल्याकडे हे नाव काढले की शेवट जवळ आला अशी समजूत होते, कारण मुंबईच्या वांद्र्यात १९८६ साली सुरू झालेल्या शांती अवेदना सदनासारख्या संस्थांनी अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांची जी थोर सेवा केली तिच्याशीच हा विषय लोकांच्या मनात जोडला गेला आहे. वास्तविक वेदना, झोप, बधिरपणा, मनावरचा ताण, घरच्यांची थकावट हे सगळे पाहणारी ही शाखा आहे आणि ती उपचारांच्या जोडीने चालते. अमेरिकेत फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांना निदानानंतर लगेच ही सेवा मिळाली त्यांचे मन अधिक स्वस्थ राहिले, आणि त्यांचे आयुष्यही मध्यकाने ८.९ महिन्यांऐवजी ११.६ महिने आले. माझ्या बोटांच्या बधिरपणावर आणि झोपेवर मला जो उतार मिळाला तो अशाच एका तज्ज्ञामुळे. त्यांच्याकडे मी स्वतः विचारत विचारत पोचले. मला कोणी पाठवले नव्हते.

आपणांस एक विनंती करून पत्र पुरे करते. आपल्या आरोग्य पुरवणीत उपचारांच्या मधल्या काळातल्या रुग्णांचे प्रश्न घेऊन कर्करोगतज्ज्ञांकडून उत्तरे मागवावीत. माझे दोन प्रश्न येथेच देते. सुट्टी संपून औषध पुन्हा सुरू होईल तेव्हा बोटांचा उरलेला बधिरपणा लक्षात घेऊन ऑक्सॅलिप्लॅटिनऐवजी दुसरे औषध निवडण्याचा निर्णय कशावरून घेतात? आणि मार्चमध्ये शेजारच्या मुलींची परीक्षा आहे, तर एखाद्या स्कॅनमध्ये वाढ अगदी थोडी असल्यास औषध दोन-तीन आठवडे पुढे ढकलून मागण्यात रुग्णाचे काही चुकते का?

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
जि. सातारा
(माझे नाव व पत्ता कृपया प्रसिद्ध करू नये.)